शहापूरचा टू-डी इको ठाण्यात बघायचा तर

ठाण्याहून कसारा लोकल पकडली की तासा-सव्वातासात आसनगाव येतं, आणि तिथून रिक्षाने शहापूर. नकाशावर अंतर फार नाही. पण शहापूरच्याही पलीकडच्या एखाद्या पाड्यावरच्या बाईला मुलीच्या हृदयाची तपासणी करायला ठाण्यात यायचं असेल, तर दिवसाची मजुरी बुडते. आधी जीप, मग रिक्षा, मग गाडी. एवढं करून "डॉक्टर आज नाहीत, गुरुवारी या" हे ऐकायची तयारी ठेवावी लागते ती वेगळीच. याच तालुक्यातलं भातसा-तानसाचं पाणी मुंबईला रोज न चुकता पोचतं. माणसांचं तसं नाही.

मग माणसाऐवजी चित्रच ठाण्याला पाठवलं तर? पेशंट शहापुरात, सोनोग्राफीचं मशीन शहापुरात, छातीवर टेकवायचा प्रोब धरणारा हात शहापुरात, आणि हृदयरोगतज्ज्ञ ठाण्यात स्क्रीनसमोर. धडधडणारं हृदय त्यांना तिथे त्याच क्षणी दिसायला हवं, म्हणजे "जरा डावीकडे घ्या" असं त्यांना सांगता येईल. याला टेली-इको म्हणतात.

मी डॉक्टर नाही. माझी बारा-तेरा वर्षं ऐरोलीत थेट प्रक्षेपणाच्या धंद्यात गेली. क्रिकेटचे सामने, कीर्तनं, लग्नं, जे सांगाल ते लोकांच्या मोबाइलवर पोचवायचं. बायकोच्या ओळखीतून तालुक्यातलं एक छोटं हॉस्पिटल आणि ठाण्यातल्या एक डॉक्टर मॅडम यांना जोडून द्यायचं काम आलं, तेव्हा आम्हाला वाटलं, यात काय एवढं, व्हिडिओ कॉलच तर आहे. पहिल्या पंधरवड्यातच समजलं की व्हिडिओ कॉल म्हणून केला, तर हा प्रकार न केलेला बरा. व्हिडिओ कॉलची सगळी हुशारी डोळ्याला फसवण्यात आहे. गावच्या आजीचा चेहरा क्षणभर धूसर झाला तर आपण तो मनातच पूर्ण करतो, आणि ॲपही आपल्याला त्यात मदत करतं. हृदयाची झडप अशी मनाने पूर्ण करून चालत नाही.

हे नीट कळायला आधी ते चित्र कशाचं असतं ते बघू.

आवाजाने काढलेलं चित्र

टू-डी इको म्हणजे सोनोग्राफीच, फक्त हृदयाची. छातीवर जेल लावून जो प्रोब टेकवतात, त्यात असे स्फटिक असतात की दाबले की वीज तयार होते आणि वीज दिली की ते थरथरतात. यातली पहिली बाजू क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवली, उलटी बाजू पुढच्याच वर्षी सिद्ध झाली. मोठ्या माणसाच्या इकोत हे स्फटिक सेकंदाला साधारण २० ते ५० लाख वेळा थरथरतात. आपल्या कानाची धाव फार तर २० हजारांपर्यंत, त्यामुळे ऐकू काहीच येत नाही. आवाज छातीत शिरतो, स्नायू, झडप, रक्त यांच्या सीमांवर आपटून परत येतो, आणि तो किती वेळाने परत आला यावरून वस्तू किती खोल आहे ते मशीन ठरवतं. विहिरीत हाक मारून खोली जोखावी तसं.

ही कल्पना हृदयाला पहिल्यांदा लावली स्वीडनमधल्या लुंड गावात, १९५३ मध्ये. डॉक्टर इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुथ हर्ट्झ यांनी त्यासाठी माल्मोच्या जहाजबांधणी कारखान्यातून धातूतले दोष शोधायचं मशीन उसनं आणलं होतं. आपल्या रेल्वेचे कर्मचारी रुळांतले तडे ज्या अल्ट्रासोनिक मशीनने शोधतात, ती याचीच भावकी. कसारा लोकल ज्या रुळांवरून जाते त्यांचा आणि त्या लोकलमधल्या माणसाच्या हृदयाचा इको एकाच तत्त्वावर निघतो, हे मला अजून गंमतीचं वाटतं.

आता थोडा हिशेब करू, कारण पुढची सगळी रडकथा यातच आहे. शरीराच्या मऊ भागातून आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर जातो. १६ सेंटीमीटर खोल बघायचं, तर जाऊन-येऊन ३२ सेंटीमीटर, म्हणजे सेकंदाचा साधारण पाच हजारावा भाग. पंख्याच्या आकाराचं ते चित्र समजा १२० रेघांचं आहे आणि प्रत्येक रेघेसाठी एकदा आवाज पाठवून उत्तराची वाट बघायची. एका चित्राला २५ मिलिसेकंद लागले, म्हणजे सेकंदाला ४० चित्रं. आवाजाचा वेग काही वाढवता येत नाही. नवी मशीन्स एका हाकेत चार-आठ रेघांची उत्तरं एकदम ऐकतात आणि वेळ वाचवतात, पण मर्यादा राहतेच. खोल बघा, रुंद बघा किंवा वेगाने बघा, तिन्ही एकदम मिळत नाही.

इतक्या वेगाने कशाला बघायचं? हृदयाचे ठोके मिनिटाला ७५ असतील तर एक ठोका ८०० मिलिसेकंदांचा. नऊ-दहा वर्षांचं मूल घाबरून टेबलावर पडलेलं असलं की ठोके सहज १२० होतात, म्हणजे एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. सेकंदाला ३० चित्रं मिळाली तर त्या ठोक्याची १५ चित्रं हातात येतात. दहाच मिळाली तर पाच. झडप मिटताना मागे गळणाऱ्या रक्ताची बारीक चिळकांडी त्या पाचांच्या मधल्या फटीत कधी उडून गेली, कळणारही नाही.

ती चिळकांडी रंगात दिसते. रक्त प्रोबकडे येत असेल तर लाल, लांब जात असेल तर निळं, अशी रीत आहे. लाल म्हणजे शुद्ध आणि निळं म्हणजे अशुद्ध असं पेशंटच्या नातेवाइकांनाच नव्हे, मलाही सुरुवातीला वाटलं होतं. तसं नाही, रंग फक्त दिशा आणि वेग सांगतो. पुढे येणाऱ्या गाडीच्या भोंग्याचा सूर चढा आणि लांब जाणाऱ्याचा उतरता, तोच डॉप्लरचा नियम. हा रंग काढायला एकाच रेघेवर अनेकदा आवाज पाठवावा लागतो, त्यामुळे रंग चालू केला की चित्रांचा वेग आणखी पडतो. म्हणून टेक्निशियन रंगाची चौकट लहान ठेवतात, फक्त झडपेपुरती.

दाबून बसवताना काय चिरडतं

मशीनमधून बाहेर पडणारं चित्र १२८० बाय ७२० ठिपक्यांचं, सेकंदाला ३० वेळा आणि प्रत्येक ठिपक्याला २४ बिट असं धरलं, तर सेकंदाला ६६ कोटी बिट होतात. शहापुरात आम्हाला वर पाठवायला चांगल्या दिवशी तीन-चार एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला तीस-चाळीस लाख बिट मिळायचे. म्हणजे दोनशे पोत्यांचा माल एका पोत्यात कोंबायचा. हे काम कोडेक करतो. बहुतेक ठिकाणी अजून २००३ मध्ये आलेला एच.२६४ वापरतात, काही ठिकाणी त्याच्यानंतरचा एच.२६५.

कोडेक काय करतो? रेडिओवरची कॉमेंट्री आठवा. सांगणारा प्रत्येक चेंडूनंतर पूर्ण धावफलक वाचत नाही. मधूनच एकदा सगळं सांगतो, मग "एक धाव", "चौकार", "निर्धाव". ऐकणारा मनात बेरीज करत राहतो. कोडेकही तसंच करतो. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम, म्हणजे अख्खं चित्र, आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच. यातली मेख तुमच्या लक्षात आली असेल. मध्येच रेडिओ खरखरला आणि एक चौकार ऐकायचा राहिला, तर पुढचा पूर्ण धावफलक येईपर्यंत तुमची बेरीज चुकलेलीच असते. आणि ती चुकली आहे, हे तुम्हाला ठाऊक नसतं.

सामना दाखवताना आम्ही हे सर्रास लपवायचो. फ्रेम तुटली की दुसऱ्या टोकाला चित्र उलगडणारा डिकोडर जुन्या फ्रेमचा तेवढा तुकडा तिथे डकवतो आणि पुढे जातो. मैदानावरचं गवत अर्धा सेकंद जुनं असलं तर कोणाचं काय बिघडतं? पण इथे डकवलेला तुकडा झडपेचा असू शकतो. मिटलेली झडप उघडी दिसते, किंवा उघडलेली मिटलेलीच दिसत राहते. चित्र सुंदर, गुळगुळीत, आणि चुकीचं.

दुसरी गोष्ट रव्याची. इकोचं चित्र कधी बघितलं असेल तर हृदयाच्या भिंती रवा भुरभुरल्यासारख्या दिसतात. तो रवा म्हणजे स्नायूतल्या असंख्य बारीक कणांवरून परत आलेल्या आवाजांची आपसातली मिसळ. कोडेकला असला रवा मुळीच आवडत नाही. सतत बदलतो, दाबून बसत नाही, त्यामुळे त्याच्या लेखी तो कचरा, आणि कमी बिट मिळाले की पहिल्यांदा तोच पुसला जातो. माणसाच्या चेहऱ्यावर हे चांगलंच दिसतं, गाल तुकतुकीत होतात. पण स्नायूबरोबर तो रवाही हलतो, आणि भिंतीचा कुठला भाग नीट आकुंचन पावत नाही हे डॉक्टर त्या हालचालीवरून ओळखतात. नव्या मशीन्समध्ये तर त्या कणांचा माग काढून स्नायू किती ताणला गेला ते मोजतात. डॉक्टरांना जे वाचायचं आहे, नेमकं तेच कोडेक आधी पुसतो.

तिसरी गोष्ट रंगाची, आणि हिने मला सगळ्यात जास्त छळलं. माणसाचा डोळा उजेड-अंधारातला फरक बारीक टिपतो, रंगातला तितका नाही. म्हणून नेहमीच्या व्हिडिओत प्रत्येक ठिपक्याचा उजेड पाठवतात, पण रंग चार ठिपक्यांत मिळून एकच. सिनेमात हे कोणाच्या लक्षातही येत नाही. इकोत रक्ताची चिळकांडी दोन-तीन ठिपक्यांची असते आणि तिचा जीव रंगातच असतो. चार ठिपक्यांचा रंग एकत्र कालवला की ती पसरते, फिकी पडते, कडा भिंतीवर सांडते. गळती आहे त्यापेक्षा मोठी किंवा लहान वाटू शकते. उपाय आहे, प्रत्येक ठिपक्याचा रंग वेगळा पाठवायचा. पण त्याला बिट जास्त लागतात, शिवाय साध्या फोनचा डिकोडर तो बहुधा उलगडतच नाही. आम्ही ठाण्याच्या टोकाला फोन बंद करून कॉम्प्युटर बसवला तो त्यासाठीच.

आणि चौथी गोष्ट, ज्यात आम्ही तोंडावर आपटलो. दुसऱ्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या, "तुमच्या शहापूरच्या प्रत्येक पेशंटच्या हृदयाभोवती थोडं पाणी कसं काय हो?" इकोत पाणी काळंभोर दिसतं, आणि हृदयाच्या बाहेरच्या बाजूला काळी पट्टी दिसली की तिथे पाणी साठलंय असा संशय येतो. पण बऱ्याच माणसांत त्याच जागी चरबी असते आणि ती काळी नसून अंधूक करडी दिसते. आमच्या एका टोकाला काळ्या-पांढऱ्याच्या पायऱ्या ० ते २५५ अशा मोजल्या जात होत्या, दुसऱ्या टोकाला टीव्हीच्या रिवाजाप्रमाणे १६ ते २३५. मधल्या त्या सोळा पायऱ्यांतला सगळा करडा रंग थेट काळा होत होता. चरबीचं पाणी झालं होतं, एका सेटिंगमुळे! कोणाला चुकीचा रिपोर्ट गेला नाही, कारण मॅडमना शंका आली आणि त्यांनी मूळ क्लिप मागवली. चित्र मात्र त्या आठवड्यात सगळ्यांना झकास वाटत होतं. काळा रंग गडद झाला की चित्र उठून दिसतं.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. रोज सकाळी पेशंट येण्याआधी मशीनमधून काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या पट्ट्यांचं एक चित्र पाठवायचं आणि ठाण्यात सगळ्या पट्ट्या वेगळ्या दिसतात का ते मोजायचं. आणि फ्रेम तुटली तर लपवायचं नाही. चित्राभोवती लाल चौकट येते, "चित्र तुटलं" असं लिहून येतं, आणि किती वेळ झाला ते आकड्यात दिसतं. टीव्हीच्या धंद्यात असलं काही केलं असतं तर मला त्याच दिवशी घरी बसवलं असतं.

"थांबा" म्हणेपर्यंत

हृदय बघणं म्हणजे एकच एक चित्र नव्हे. फासळ्या आवाज अडवतात, फुप्फुसातली हवा तर पारच अडवते. त्यामुळे हृदय दिसायला छातीवर दोन-चारच जागा, दोन फासळ्यांमधल्या फटी. पेशंटला डाव्या कुशीवर वळवायचं म्हणजे हृदय छातीच्या भिंतीजवळ येतं. मग प्रोब सरकवायचा, झुकवायचा, स्वतःभोवती फिरवायचा. दोन-चार अंशांचा फरक पडला तरी झडप चित्रातून निसटते. पतंगाची ढील देणारा हात आणि त्यावर लागलेला डोळा एकाच माणसाचे असतील तर जमतं. इथे हात शहापुरात आणि डोळा ठाण्यात.

ठाण्यातल्या मॅडम आणि शहापुरात प्रोब धरणाऱ्या ताई यांचा पहिल्या महिन्यातला एक संवाद मी लिहून ठेवला होता.

"ताई, थोडं वर... अजून... हां, थांबा!"

"थांबले, मॅडम."

"अहो गेलं ना. मागे घ्या."

"घेतलं."

"आता परत पुढे गेलं!"

ताई चुकत नव्हत्या आणि मॅडमही नाही. मॅडमना दिसत होतं ते पाऊण सेकंदापूर्वीचं चित्र. त्या "थांबा" म्हणाल्या तोवर ताईंचा हात पुढे गेलेला होता.

लोकांना वाटतं हा उशीर अंतरामुळे होतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. ठाणे-शहापूरला त्याला मिलिसेकंदही लागत नाही. उशीर होतो तो दोन्ही टोकांच्या डब्यांत. चित्र पकडायला एक फ्रेम, म्हणजे ३३ मिलिसेकंद. दाबायला तेवढेच किंवा जास्त. मोबाइलच्या टॉवरपर्यंत आणि पुढे आणखी काही. मग सगळ्यात मोठी खाबूगिरी बफरची, म्हणजे आलेला माल दाखवण्याआधी थोडा साठवून ठेवायच्या जागेची, ती शंभर-दोनशे सहज गिळते. शेवटी उलगडणं आणि स्क्रीनवर येणं. प्रत्येक जण म्हणतो माझे तर थोडेच आहेत, आणि बेरीज पाऊण सेकंदावर जाते. घरचा महिन्याचा खर्च हाताबाहेर जातो तो असाच.

कोडेकची एक युक्ती आम्ही लगेच बंद केली. जास्त दाबता यावं म्हणून तो काही फ्रेम पुढच्या फ्रेमवरून काढतो, म्हणजे पुढची येईपर्यंत थांबतो. सामन्यासाठी ठीक आहे, इथे नको. बफर कमी केला. आणि आवाज चित्रापासून सोडवला. हे मला सर्वांत उलटं वाटलं होतं. टीव्हीत ओठ आणि शब्द जुळावेत म्हणून आवाज मुद्दाम चित्रासाठी थांबवून ठेवतात. इथे कोणाचे ओठ जुळवायचे आहेत? मॅडमचा "थांबा" ताईंच्या कानात जितक्या लवकर पडेल तितका बरा. आवाजाला बिटही थोडे लागतात. त्याला पुढे काढला, आणि एका दिशेचा चित्राचा उशीर पाव सेकंदाच्या आत आणला. त्या आठवड्यात दोघींचं भांडण थांबलं.

अर्धं काम मात्र यंत्राने नाही, भाषेने केलं. "थोडं वर" याचा अर्थ काय? प्रोब वर सरकवायचा की त्याचं शेपूट वर उचलायचं? मग दोघींनी ठरवलं: "सरकवा" म्हणजे कातडीवर जागा बदलायची, "झुकवा" म्हणजे जागा न सोडता कलता करायचा, "फिरवा" म्हणजे स्क्रू पिळल्यासारखं. प्रोबवर एका बाजूला खूण असते, ती घड्याळात किती वाजता ते सांगायचं. पहिल्या लांबट चित्राला खूण ११ च्या आसपास, पेशंटच्या उजव्या खांद्याकडे. तिथून फिरवून २ वर आणली की झडप आडवी कापल्यासारखी दिसते. "ताई, अकरा वाजता या" असं ऐकून बाहेर बसलेला एक आजोबा एकदा विचारायला आला होता, अकराला कोण येणार आहे म्हणून.

उशीर जास्त असला तरी काम होतच नाही असं नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर अंतराळवीरांनी जमिनीवरच्या तज्ज्ञांच्या सूचना ऐकून सोनोग्राफी केलेली आहे, आणि ते काही डॉक्टर नव्हते. फक्त पद्धत बदलावी लागते: सांगा, थांबा, बघा, मग पुढचं सांगा. भूस्थिर उपग्रहाचं तेच. तो ३५,७८६ किलोमीटर वर असतो, संदेश वर जाऊन खाली यायला पाव सेकंद आणि उत्तर धरून अर्धा. इस्रोने २००१ पासून उपग्रहावरून टेलिमेडिसिन सुरू केलं तेव्हा दूरदूरच्या हॉस्पिटलांना त्याचा खूपच आधार झाला, पण बोलणं-चालणं आणि फोटो बघणं वेगळं, आणि हलत्या प्रोबला दिशा देणं वेगळं. उत्तर स्वीडनमध्ये तर प्रोब रोबोटच्या हातात देऊन दूरवरून डॉक्टरांनीच तो हलवायचे प्रयोग झाले. मला विचाराल तर शहापूरला रोबोटपेक्षा शिकलेल्या ताई बऱ्या. मुलाला "बाळा, श्वास धर" म्हणायलाही कोणीतरी लागतं.

रेंज

नेटवर्कबद्दल थोडक्यात. फोनवर स्पीड टेस्ट केली की जो मोठा आकडा येतो तो खाली येणाऱ्या डेटाचा. आपण सगळे व्हिडिओ बघणारे, पाठवणारे कमी, म्हणून मोबाइल नेटवर्कमध्ये मोठा वाटा डाउनलोडला दिलेला असतो. टेली-इकोत गाव पाठवणारं आहे. त्यामुळे "फुल्ल रेंज आहे हो" याला काही अर्थ नाही, अपलोड किती ते बघायचं. फायबर आहे तिथे प्रश्न सुटतो, जेसीबीने तो उखडेपर्यंत. आम्ही दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं एकाच डब्यात घालून माल वाटून पाठवला.

माल जातो छोट्या छोट्या पाकिटांत, एकेक साधारण १५०० बाइटचं. ती समान अंतराने निघाली तरी समान अंतराने पोचत नाहीत. ठाण्याच्या फलाटावर वीस मिनिटं काहीच नाही आणि मग तीन लोकल एकामागोमाग, हे ज्याने अनुभवलंय त्याला जिटर समजावायला नको. पाकीट हरवलं तर रजिस्टर पोस्टासारखं परत मागवता येतं, त्या पद्धतीला टीसीपी म्हणतात. पण परत मागवलेलं पाकीट येईपर्यंत तो ठोका होऊन गेलेला असतो, आणि त्याच्यासाठी मागचे सगळे रांगेत उभे राहतात. म्हणून थेट चित्राला यूडीपी: गेलं ते गेलं, पुढचं घ्या. फक्त, गेलं हे सांगा.

रेंज पडली की काय कमी करायचं, हा खरा प्रश्न. व्हिडिओ कॉलची ॲप्स बिनदिक्कत फ्रेम गाळतात. आम्ही क्रम उलटा लावला. आधी चित्राची काटछाट: मशीनच्या स्क्रीनवर बटणं, तक्ते, काळी रिकामी जागा भरपूर असते, त्यातला फक्त पंखा पाठवायचा. एका दगडात दोन पक्षी, कारण कोपऱ्यात लिहिलेलं पेशंटचं नावही त्याबरोबर कापलं जातं. त्यानेही भागलं नाही तर पंखाच लहान करायचा. सेकंदाच्या ३० फ्रेमना हात लावायचा नाही. त्याही परवडेनाशा झाल्या तर तपासणी थांबवायची.

रिपोर्ट कशावरून

एवढं सगळं करूनही थेट चित्रावरून रिपोर्ट लिहायचा नाही, असं मॅडमनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं, आणि ते किती बरोबर होतं ते मला नंतर पटलं. थेट चित्र हात योग्य जागी न्यायला. योग्य जागा मिळाली की ताई बटण दाबून तीन-चार ठोक्यांची क्लिप मशीनमध्येच साठवतात, डायकॉम नावाच्या वैद्यकीय साच्यात, मूळ दर्जाची, मोजपट्टीसकट. त्या क्लिप सावकाश जातात, टीसीपीने, एक बिटही न गाळता. मोजमाप त्यांच्यावर.

मोजमापात चूक किती फुगते ते बघा. अरुंद झडपेतून रक्त किती जोरात जातं त्यावरून तिथला दाबाचा फरक काढतात: वेगाचा वर्ग, गुणिले चार. वेग सेकंदाला ४ मीटर असेल तर दाब ६४. चित्र फिकं आल्यामुळे तोच ३.६ मोजला तर सुमारे ५२. वेगात दहा टक्क्यांची चूक, दाबात जवळपास वीस टक्क्यांची.

कायद्याची एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. हल्ली फोनला जोडायचे, खिशात मावणारे प्रोब मिळतात. मग ताईंनी तो पिशवीत घालून पाड्यापाड्यावर का जाऊ नये? कारण गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली सोनोग्राफीचं प्रत्येक मशीन नोंदवावं लागतं, हृदयाचं असलं तरी, आणि २०१२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोर्टेबल मशीन नोंदलेल्या जागेतल्या दाखल पेशंटसाठी किंवा इतर सेवाही देणाऱ्या फिरत्या दवाखान्यातच चालतं. आधी मला हे फार जाचक वाटलं. पण असा कायदा देशाच्याही आधी, १९८८ मध्ये महाराष्ट्राला करावा लागला, तो काही उगाच नाही. त्यामुळे इको हॉस्पिटलातच, चित्र ठाण्याला. टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं केंद्राने २५ मार्च २०२० ला जाहीर केली, त्यामुळे पेशंटची संमती आणि डॉक्टरांची जबाबदारी हे लेखी स्पष्ट झालं.

त्या भांडणाच्या दिवशी टेबलावर नऊ वर्षांची एक मुलगी होती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम आश्रमशाळेत गेली असताना डॉक्टरांना स्टेथोस्कोपमधून तिच्या छातीत वेगळा आवाज ऐकू आला होता. अशा वेळी एक शंका संधिवाताच्या तापाची असते. घशातल्या एका जिवाणूमुळे लहानपणी ताप येतो, सांधे दुखतात, बरंही वाटतं, आणि शरीराने जिवाणूशी केलेल्या लढाईत नंतर झडपा जाड होत जातात. डावीकडची मायट्रल झडप उघडताना मग हॉकीच्या काठीसारखी वाकलेली दिसते. वेळेत कळलं तर पेनिसिलिनचं इंजेक्शन दर २१ दिवसांनी, वर्षानुवर्षं.

पुढच्या महिन्यात ती परत आली, तेव्हा उशीर पाव सेकंदावर आलेला होता. ताईंनी प्रोब ठेवला, दुसऱ्याच प्रयत्नात झडप मिळाली. मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "टोकाला जाड वाटतंय. पण मी आत्ता काही म्हणणार नाही. रंग लावा, क्लिप घ्या, आणि परत एकदा फिरवून घ्या."

मुलीच्या आईने विचारलं, "ठाण्याला यावं लागंल का?"

"मूळ क्लिप बघते, मग ताई तुम्हाला सांगतील," स्पीकरवरून आवाज आला. "जेवलात का तुम्ही?"

आठ क्लिप निघाल्या होत्या. तिसरी अपलोड होत होती. ताईंनी मुलीच्या छातीवरचं जेल पुसलं, आणि मायलेकी बाहेरच्या बाकावर डबा उघडून बसल्या.